कंट्रोल लाइन रेसर, २.५ सीसी डिझेल: शंभर लॅपपर्यंतच्या नोंदी

७ सप्टेंबर

कंट्रोल लाइन मॉडेल म्हणजे पायलटच्या हातातल्या हँडलला बांधलेल्या तारांवर (लाइन) त्याच्याभोवती गोल फिरणारं छोटं विमान. ठरलं ते असं. फळीसारखी सपाट प्रोफाइल बॉडी, २.५ सीसी डिझेल इंजिन, दोन लाइन, त्रिज्या १५.९२ मीटर. ही त्रिज्या एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या एफ२सी टीम रेसिंगमधून उचलली आहे. तिच्यात एक फेरी १०० मीटरची भरते, म्हणजे १०० लॅप झाले की १० किलोमीटर. टाकी ७ सीसी, वजन ५०० ग्रॅमच्या आत, पंख आणि शेपूट मिळून क्षेत्रफळ निदान १२ चौरस डेसिमीटर, हे आकडेही तिथलेच. खरी एफ२सी मॉडेलं ताशी २०० किलोमीटरच्या आसपास पळतात, त्यांची बॉडी बंद असते, इंजिनं खास रेसिंगची. आपलं इंजिन साधं आहे. ३ सेकंदांचा लॅप, म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एवढा वेग धरलाय.

पायलट दादा, मेकॅनिक मी. दादाने स्टंट मॉडेलं बरीच उडवली आहेत, रेसर पहिलाच.

नोंदी ठेवायचं कारण एवढंच की बांधणीचे नकाशे कुठेही मिळतात, पण टाकी, इंधन आणि पिट (इंधन भरायचा थांबा) यांबद्दल कामाचं कुणी सांगत नाही.

११ सप्टेंबर

पंख. १० मिलिमीटर जाड बाल्साच्या फळ्या एकमेकींना चिकटवून ७६० मिलिमीटर लांबी, सरासरी रुंदी १३० मिलिमीटर. पुढच्या कडेला स्प्रूसची पट्टी, कारण बाल्साची कड गवताला घासली तरी चेपते. फळ्या निवडताना प्रत्येक वजन करून घ्या. दिसायला सारख्या दोन फळ्यांच्या वजनात दीडपट फरक निघाला. जड फळी आतल्या बाजूला, म्हणजे डाव्या पंखाला लावायची नाही. मॉडेल घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, लाइन डाव्या पंखातून निघतात, आणि त्या बाजूला लाइनचं वजन आधीच असतं.

ते वजन काढून ठेवलं. ०.३० मिलिमीटरची पोलादी तार मीटरला सुमारे ०.५५ ग्रॅम भरते. दोन लाइन मिळून १७-१८ ग्रॅम, त्यातला निम्मा भार पंखावर. म्हणून उजव्या टोकात ९ ग्रॅम शिसं पुरलं.

१४ सप्टेंबर

पंखाला पीळ पडला. वरच्या बाजूला टिश्यू (पातळ कागद) लावून डोपचे (कागद ताणणाऱ्या वार्निशचे) दोन हात दिले आणि खालची बाजू उद्यावर टाकली. सकाळी बघतो तर डावं टोक ५ मिलिमीटर वर. डोप सुकताना कागद आवळतो आणि सोबत लाकूडही ओढतो. खालून टिश्यू लावून, डोप ओला असतानाच उलटा पीळ देऊन सपाट पाटावर वजनं ठेवून दाबला. दोन दिवसांनी दीड मिलिमीटर उरला, तो काही जाईना. शेवटी पॉलिश पेपरने टिश्यूच खरवडून काढला. नव्याने दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत पातळ काचकापड आणि इपॉक्सी लावलं. वजन ११ ग्रॅमनी वाढलं, पंख मात्र सरळ झाला. रेसरला टिश्यू-डोपच्या वाटेला जाऊच नये असं माझं मत झालंय. काचकापड लावलेला पंख पिटमध्ये हाताळताना चेपत नाही, हा फायदा नंतर कळेल तो वेगळाच.

२० सप्टेंबर

बॉडी १२ मिलिमीटर बाल्सा, नाकापासून पंखाच्या मागच्या कडेपर्यंत दोन्ही अंगांना दीड मिलिमीटर प्लाय. इंजिनाखाली बीच लाकडाचे दोन दांडे. इंजिन आडवं बसवलं, सिलिंडर उजवीकडे. बोल्टची भोकं पाडून झाल्यावर आतून पातळ इपॉक्सी फिरवून घेतलं. इंधन आधी या भोकांतूनच लाकडात शिरतं, आणि एकदा लाकूड एरंडेल प्यालं की कुठलाही गोंद त्याला धरत नाही.

बेलक्रँक, म्हणजे लाइनची ओढ शेपटीकडे वळवणारी तरफ, ५० मिलिमीटरचा. तो ज्या प्लायच्या पट्टीवर बसतो ती पट्टी पंखाच्या वर-खाली दोन्हीकडे आहे आणि बोल्ट आरपार. मॉडेलचा सगळा ताण या एका बोल्टवर येतो. तिथून शेपटीकडे जाणारा पुशरॉड २ मिलिमीटर तार. एलिव्हेटर (शेपटीचा हलता भाग) वर १२ अंश, खाली १२ अंश.

२७ सप्टेंबर

टाकी. पातळ कथिल पत्रा, लांबी ४० मिलिमीटर, रुंदी १८. तीन नळ्या: इंजिनाकडे जाणारी पिकअप, हवेची, आणि भरायची. मॉडेल फिरत असताना इंधन बाहेरच्या भिंतीकडे फेकलं जातं, म्हणून पिकअपचं तोंड मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात. हवेची नळी साधी, आतल्या भिंतीजवळ वर संपणारी.

डाग देताना एक कोपरा सुटला. पाण्यात बुडवून नळीतून फुंकल्यावर बुडबुडे दिसले. परत डाग दिला तर शेजारचा सांधा वितळला. ओल्या चिंधीने शेजारची बाजू गुंडाळून मग डाग द्यायचा, तेव्हा जमलं. सिरिंजने मापली तर ७.६ सीसी. रुंद बाजू ठोकळ्यांत धरून हलकेच आत दाबत ६.९ वर आणली.

२ ऑक्टोबर

लाइन. १५.९२ मीटर हे माप हँडलच्या मुठीपासून प्रॉपच्या (प्रोपेलरच्या) अक्षापर्यंतचं आहे, तारेची लांबी नव्हे. लीडआउट (बेलक्रँकपासून पंखाबाहेर येणाऱ्या तारा), जोडाचे हुक आणि हँडलवरच्या दोऱ्या त्यातून वजा करायच्या. मॉडेल जमिनीवर टेकवून, हँडल ताणून धरून मोजलं. पहिली जोडी १५ सेंटिमीटर लांब निघाली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्रिज्या १५ सेंटिमीटर वाढली की दर लॅपला जवळजवळ एक मीटर जास्त.

टोकं पितळी नळीतून वळवून बारीक तांब्याच्या तारेने घट्ट गुंडाळली. एकसंध पोलादी तारेला एकदा का आकडी पडली की ती सरळ करायची नाही, ती लाइन टाकून द्यायची. रिळावरून लाइन उतरवताना एक माणूस रीळ फिरवतो, दुसरा टोक घेऊन चालत जातो. वेटोळी सैल सोडून ओढली की आकडी ठरलेली.

ताण तपासला. ४७० ग्रॅमचं मॉडेल, ३ सेकंदांचा लॅप, म्हणजे हाताला साधारण ३.३ किलोची ओढ. आम्ही हँडल खुंटीला अडकवून बेलक्रँकच्या बोल्टापाशी १५ किलो टांगले. काही हललं नाही.

४ ऑक्टोबर

इंजिन बाकावर चालवलं. इंधन: ईथर ३३ टक्के, केरोसीन ४३, एरंडेल २२, बाकी २ टक्के इग्निशन सुधारक नायट्रेट. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. मिश्रण उघड्यावर करा, बाटली लगेच बंद करा. बाटली उघडी राहिली की ईथर आधी उडून जातं आणि मग ‘काल सुरू होत होतं, आज का नाही’ यावर अख्खी सकाळ जाते. आमची गेली.

डिझेलला दोन चाव्या असतात, इंधन कमी-जास्त करणारी नीडल आणि सिलिंडरमधला दाब बदलणारा कॉम्प्रेशन स्क्रू. एका वेळी एकच फिरवा. कॉम्प्रेशन कमी असेल तर इंजिन अडखळत, फटफटत चालतं. जास्त झालं की आवाज जड होतो, वेग हळूहळू पडत जातो आणि बाहेर येणारं तेल काळं पडतं. सिलिंडरमध्ये इंधन जास्त साचलं असताना प्रॉप जोर लावून फिरवू नका. द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रॉप अडल्यासारखा वाटला की स्क्रू सैल करायचा, मॉडेल उलटं करून इंधन बाहेर काढायचं, मग पुढे.

११ ऑक्टोबर

पहिलं उड्डाण. आधी जागा पाहून घेतली: वरून विजेच्या तारा जाणाऱ्या जागेच्या जवळपासही पोलादी लाइन घेऊन जायचं नाही. हँडलचा पट्टा मनगटात. सोडण्याआधी दादाने हँडल वर केलं, मी एलिव्हेटर वर गेला हे बघून ओरडून सांगितलं. लाइन उलट्या जोडल्या गेल्या असतील तर कळण्याची ही शेवटची संधी.

वारा पाठीशी घेऊन सोडलं, म्हणजे पहिल्या पाव फेरीत मॉडेल वाऱ्याच्या खालच्या अंगाला येतं आणि लाइन ताठ राहते. उडालं आणि वर-खाली उसळ्या मारायला लागलं. दादाने सावरायला हात हलवला की उसळी दुप्पट. कसंबसं इंधन संपेपर्यंत टिकवलं, उतरताना नाकावर आलं, प्रॉप गेला.

“अरे, हे फार नाजूक आहे. बोट हललं तरी उडी मारतंय,” दादा खाली बसून म्हणाला. चक्करही आली होती त्याला. ३ सेकंदांत एक फेरी म्हणजे स्टंटपेक्षा बरंच जलद. नजर मॉडेलवरून काढली नाही तर त्रास होत नाही, जमीन बघितली की संपलं.

१२ ऑक्टोबर

गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या २५ टक्क्यांवर होता. स्टंटला चालतो, रेसरला नाही. रेसरला गोल उड्या मारायच्या नसतात, सरळ रेघेत जायचं असतं. १५ टक्क्यांवर न्यायचा, म्हणजे १३ मिलिमीटर पुढे. त्यासाठी नाकात जवळपास ४० ग्रॅम शिसं लागत होतं, ते जिवावर आलं. म्हणून ६ मिलिमीटरची शेपूट काढून ४ मिलिमीटरची केली. शेपूट लांब असल्यामुळे तिथे वाचलेल्या ८ ग्रॅमनी नाकातले पंधराएक ग्रॅम वाचले. २४ ग्रॅम शिशात भागलं. एकूण वजन ४८६.

गुरुत्वमध्य पुढे गेला तसे लीडआउटही पुढे न्यावे लागले. ते गुरुत्वमध्याच्या किंचितच मागे हवेत. फार मागे राहिले तर मॉडेल नाक बाहेर काढून तिरकं उडतं आणि वेग खातं. मी गाइड (लीडआउट पंखाच्या टोकातून बाहेर काढणाऱ्या नळ्या) पक्कं चिकटवलं होतं, त्यामुळे पंखाचं टोक कापून नवं बसवलं. आता खाच ठेवली आहे, गाइड सरकवता येतं. पहिल्यापासूनच खाच ठेवा.

पुशरॉड एलिव्हेटरच्या हॉर्नच्या (दांडीच्या) बाहेरच्या भोकात घेतला, हँडलवरचं दोन दोऱ्यांमधलं अंतरही कमी केलं.

१८ ऑक्टोबर

सरळ उडतंय. दादा दोन-तीन मीटर उंचीवर रेघ ओढल्यासारखा नेतो. आता घड्याळ काढलं.

पहिले पाच लॅप ३.४ सेकंदांनी, इंजिन घशात काही अडकल्यासारखं. मधले ३.१. शेवटचे चार-पाच २.९, आवाज तीक्ष्ण, आणि अगदी शेवटी वेग पडायला लागला. उतरल्यावर सिलिंडरला हात लावता येत नव्हता, तेल काळं. नीडल आवळली तर शेवट आणखी वाईट, सैल केली तर सुरुवात आणखी वाईट. दुपारभर हाच खेळ चालला होता. दोष नीडलमध्ये नव्हताच, टाकीत होता.

२५ ऑक्टोबर

या आठवड्याचं काम सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि सगळ्यात जास्त फायदाही यातच झाला.

३ सेकंदांच्या लॅपला मॉडेलवर बाहेरच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या सातपट ओढ असते. टाकीतलं इंधन त्यामुळे उजव्या भिंतीवर उभं राहतं. माझी टाकी १८ मिलिमीटर रुंद. भरलेली असताना इंधनाचा पृष्ठभाग आतल्या भिंतीशी, रिकामी होताना बाहेरच्या भिंतीशी. हा १८ मिलिमीटरचा फरक सातपट ओढीत सव्वाशे मिलिमीटर उंचीच्या फरकाएवढा पडतो. म्हणजे उड्डाणाच्या सुरुवातीला टाकी इंजिनाच्या डोक्यावर धरलेली आणि शेवटी पायाशी. कुठलीही नीडल हे सांभाळू शकत नाही.

उपाय जुनाच आहे, युनिफ्लो. हवेची नळी आतल्या भिंतीशी न संपवता पिकअपच्या तोंडाजवळ आणून सोडायची. मग हवा तिथूनच आत येते आणि इंजिनाला इंधनाचा दाब त्या तोंडाच्या जागेवरून मिळतो. पातळी कुठे का असेना, दाब तोच.

नवी टाकी केली, युनिफ्लो टाकलं. लॅप पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखे झाले, पण एक नवी भानगड. हवेत बरोबर चालावं म्हणून नीडल बरीच उघडावी लागली, आणि जमिनीवर तेच इंजिन इंधनाने गुदमरायला लागलं. सुरू करणं मुश्कील. मोजल्यावर कळलं: युनिफ्लोचं तोंड बाहेरच्या भिंतीशी, बॉडीच्या मध्यरेषेपासून २५ मिलिमीटरवर. इंजिनाचा स्प्रेबार (इंधन सोडणारी नळी) १८ मिलिमीटरवर. ७ मिलिमीटर बाहेर, गुणिले सात, म्हणजे हवेत इंजिनाला जवळपास ५ सेंटिमीटर खालून इंधन ओढावं लागत होतं. जमिनीवर ही ओढ नाही, म्हणून तिथे त्याच नीडलवर इंधन जास्त.

बॉडीला टाकीच्या आकाराची ७ मिलिमीटर खोल खाच घेतली, आतून इपॉक्सी, आणि टाकी आत बसवली. तोंड आणि स्प्रेबार एका रेषेत. आता जमिनीवरची आणि हवेतली नीडल जवळजवळ एकच. थोडी जास्त उघडी ठेवूनच सोडतो, कारण हवेत प्रॉपवरचा भार हलका होतो आणि इंजिन चढतं. कॉम्प्रेशनही जमिनीवर किंचित कमीच. उडताना इंजिन तापतं आणि उरलेलं स्वतःच भरून काढतं.

एक बारकावा. युनिफ्लोचं तोंड बाहेरच्या भिंतीशी पण टाकीच्या वरच्या कोपऱ्यात ठेवलं. उडताना वर-खालीला फारसा अर्थ नसतो, सगळा जोर बाजूला. पण जमिनीवर भरताना हवा तिथून बाहेर पडते, आणि तोंड वर असल्यामुळे टाकी गच्च भरेपर्यंत सांडत नाही. नळीतून पिचकारी आली की भरली.

इंधनाचा पाइप सिलिकॉनचा होता, तो दोन दिवसांत फुगून नळीवरून निसटला. ग्लो इंजिनाला सिलिकॉन चालतो, केरोसीन-ईथरला नाही. निओप्रीन घातला.

१ नोव्हेंबर

प्रॉप आणि व्हेंच्युरी (इंजिनाचं हवा घेणारं तोंड). ७ बाय ६ इंची प्रॉप, कारखान्यातून आलेली व्हेंच्युरी: लॅप २.९५, एका टाकीत २१ लॅप. तोच प्रॉप टोकांना अंमळ अरुंद कानसून, व्हेंच्युरीत बारीक नळी घालून तोंड लहान करून: लॅप ३.०५, एका टाकीत २६.

दादाला अर्थातच पहिला हवा होता.

हिशेब मांडला. १०० लॅपना २१ च्या टाकीने पाच टाक्या लागतात, म्हणजे चार थांबे. २६ च्या टाकीने चार टाक्या, तीन थांबे. हवेतल्या वेळात फरक फक्त १० सेकंदांचा. एक थांबा १० सेकंदांत आटोपत असता तर दादाचं बरोबर. आमचा थांबा आज अर्ध्या मिनिटाच्या वर आहे, आणि उद्या कितीही सुधारलो तरी १० वर येणार नाही. शिवाय लहान व्हेंच्युरीला ओढ जास्त, इंजिन पुन्हा सुरू व्हायला सोपं. वेगवान जोडी डब्यात ठेवून दिली.

८ नोव्हेंबर

शटऑफ, म्हणजे इंजिन हवेतच बंद करायची सोय. इंधन संपेपर्यंत उडवलं की मॉडेल कुठेही बंद पडतं आणि मी वर्तुळाच्या दुसऱ्या टोकाला. त्यापेक्षा वाईट म्हणजे पाइप कोरडा पडतो आणि पुन्हा सुरू करायला प्रॉप फिरवत बसावं लागतं. म्हणून एलिव्हेटर पूर्ण खाली दिला की स्प्रिंगची तार सुटते आणि पाइप चिमटते, अशी योजना. पायलटने हवं तिथे, टाकीत थोडं शिल्लक असताना बंद करायचं.

पहिली तार जरा वाऱ्याची झुळूक आली, दादाने हात खाली केला की सुटायची. चालत्या इंजिनात मॉडेल भर वेगात गप्प. पकडीचा हुक एक मिलिमीटर लांब केला आणि पुशरॉड त्याला शेवटच्या दोन-तीन अंशांतच लागेल असा वाकवला. आता मुद्दाम झटका दिल्याशिवाय सुटत नाही.

१५ नोव्हेंबर

पिटचा सराव. चाक टेकल्यापासून पुन्हा उडेपर्यंत ३१ सेकंद. कुठे जातात म्हणून मोबाइलवर चित्रण केलं. पकडायला ४, भरायला ६, बाकी सगळे प्रॉपवर झटके मारण्यात.

कारण चित्रणातच दिसलं. मी बाटली दाबून टाकी भरतो तेव्हा शटऑफ आधीच उघडलेला. दाबाने इंधन टाकीतून सरळ इंजिनात जातं, सिलिंडर भरून जातो. आता क्रम बदलला: पकड, भर, पिचकारी दिसली की बाटली काढ, मग शटऑफ उघड, एकदा प्रॉप हाताने फिरवून दाब जाणवतो का बघ, आणि झटका. गरम इंजिन बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या झटक्याला घेतं. घेतलं नाही तर कॉम्प्रेशनला लगेच हात लावायचा नाही हा नियम मी मला घालून घेतला, कारण घाईत फिरवलेला स्क्रू परत जागेवर येत नाही आणि पुढचे पंचवीस लॅप त्याची शिक्षा होते. स्क्रूच्या दांडीला रंगाचा ठिपका लावून ठेवलाय.

डोक्यावर हेल्मेट. दादा दुसऱ्या टोकाला उभा, मी मॉडेलपाशी वाकलेला, अशा वेळी दुसरं मॉडेल डोक्यावरून जाणार असतं.

२२ नोव्हेंबर

पाय तुटला. एका चाकाचा ३ मिलिमीटर तारेचा पाय, चाक पंखाच्या पुढच्या कडेखाली. आपटून उतरलं की तार मागे झुकते, चाक गुरुत्वमध्याच्या खाली येतं आणि नाक जमिनीला. प्रॉप मोडतो. असे बरेच मोडले. इंजिनाखालोखाल सगळ्यात जास्त खर्च प्रॉपवरच झालाय. नवा पाय २० मिलिमीटर पुढे झुकलेला, आणि बसवलेली जागा प्लायच्या रुंद पट्टीवर. बाल्सात नुसता बोल्ट घालू नका.

२९ नोव्हेंबर

शंभर लॅपची रंगीत तालीम, एकटंच मॉडेल. मी बोटातल्या काउंटरवर लॅप मोजतो आणि पंचविसाव्याला हात वर करतो. गरगर फिरणाऱ्या माणसाकडून मोजणीची अपेक्षा ठेवता येत नाही. दादा पुढच्या फेरीत झटका देतो.

१९, २५, २५, आणि शेवटची टाकी कोरडी होईपर्यंत २७. बेरीज ९६. चार लॅपसाठी चौथा थांबा.

पहिल्या टाकीतले सहा लॅप इंजिन तापवण्यात जळले होते. आता क्रम असा: इंजिन तापव, शटऑफने बंद कर, टाकी काठोकाठ भर, मग सोडायची खूण. गरम इंजिन सुरू होतंच, ते आता हातात बसलंय. दुपारी पुन्हा: २५, २५, २५, २५. ५ मिनिटं ५६ सेकंद. थांबे १५, १४ आणि २२. बाविसाचा थांबा माझा पाय लाइनमध्ये अडकल्यामुळे.

६ डिसेंबर

तीन मॉडेल एकत्र. एफ२सीत असतं तसंच: नेहमीची उंची २ ते ३ मीटर, पुढे जायचं ते वरून, ६ मीटरच्या वर नाही. तीन पायलट मधल्या ३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात एकमेकांभोवती चालतात.

दादाला पहिल्या मिनिटात कळलं की मॉडेल उडवणं हा भाग निम्माच आहे, निम्मं काम पायांचं. वरून ओलांडताना हँडल दुसऱ्याच्या डोक्यावरून न्यायचं आणि लगेच खाली यायचं. वर रेंगाळलात तर तिसरा मागे अडकतो. थांब्यात पायलटने वर्तुळाच्या कडेला उकिडवं बसून हँडल जमिनीला टेकवायचं, म्हणजे बाकीच्यांच्या लाइन वरून जातात. दादा एकदा अर्धवट उठला, शेजारच्या मॉडेलची लाइन आमच्या लाइनवर घासली. दोन्ही मॉडेलं वाचली, पण त्यांचा लॅप मोडला. मी ओरडलो, “दादा, खाली बस!” तो बसला. नंतर चहूकडून तेच ऐकून घ्यावं लागलं त्याला.

त्यांतलं एक मॉडेल लॅपला आमच्यापेक्षा ०.२ सेकंदांनी जलद होतं. त्याला चार थांबे लागले, त्यांतल्या दुसऱ्यात गरम इंजिन भरून गेलं. आम्ही तीन थांब्यांत संपवलं, ६ मिनिटं ९ सेकंद. ते ६ मिनिटं ४० ला. तिसरं मॉडेल पाय मोडून साठाव्या लॅपला बाहेर.

दादा परतताना वेगवान व्हेंच्युरीचं नाव काढत होता. थांबा दहावर आणला की बघू, म्हटलं.

७ डिसेंबर

धुवून-पुसून तपासणी. कालच्या घासण्याने वरच्या लाइनवर बोटाला जाणवेल असा ओरखडा आहे, दोन्ही लाइन बदलायच्या, एकच बदलली तर लांबी जुळत नाही. डावीकडच्या गाइडमध्ये लीडआउटच्या दोन बारीक तारा तुटल्यात. गाइडच्या पितळी नळीची कड आत कानसून गोल केली, नवा लीडआउट उद्या. बेलक्रँकचा बोल्ट घट्ट. बाकी इंधन भरायच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा होता, गाळणी लावून इंधन भरायचं.